दोनशे बारा पावलांवरचं स्वयंपाकघर

"एकोणपन्नास वर्षं झाली, आणि माणसानं एवढी साधी रीत विसरावी?" एनो बिरागो म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. अंगणात चार चुली होत्या, त्यांतल्या तीन कित्येक वर्षांच्या थंड, आणि उंबऱ्यावर निळ्या एनॅमलचं झाकणाचं भांडं होतं. ती त्या भांड्याशीच भांडत होती. "बोलायचं नसेल तर नको बोलूस, बाबा. पण भरलेलं भांडं परत? आणि तेही चोरासारखं, दाराशी ठेवून पसार?"

रोज सकाळी डोम्फे, तिचा नवरा, ते भांडं घेऊन यायचा. दारात उभा राहून "आगो!" अशी हाक द्यायचा आणि आतून तिचं "आमे!" आल्याखेरीज भांडं खाली टेकवायचा नाही. भांडं धुतलेलं, पुसलेलं, आणि आत काहीतरी घातलेलं. एखादं संत्रं, कोलाच्या दोन बिया, एकदा तर नळाचा नवा वायसर, कारण तिच्या अंगणातला नळ ठिबकत होता. त्यानं भांडं रिकामं कधी आणलं नव्हतं. हा काही रिवाज नव्हे, त्याची एकट्याची खोड.

आज हाक नव्हती. तिनं भांडं उचललं तर हाताला जड लागलं. बोटभर झाकण सारून पाहिलं. शेंगदाण्याचा तपकिरी रस्सा, त्यात भाताचा गोळा. काल संध्याकाळी तिनं पाठवलं होतं तेच. तिनं झाकण परत दाबून बसवलं.

"तोंडसुद्धा लावलं नाही मेल्यानं."

कुमासीतल्या बांतामाच्या त्या गल्ल्यांत कुणालाही विचारा. बायको आपल्या आईच्या घरात राहते, नवरा त्याच्या आईच्या घरात, आणि संध्याकाळी बायकोच्या चुलीवरचं अन्न नवऱ्याकडं जातं. भांडं चालू तर संसार चालू. भरलेलं भांडं परत आलं, तर मग दोन्हीकडच्या थोरल्यांना बोलावून बसायचं आणि काय तुटलं ते मोजायचं, एवढंच उरतं. बिरागोनं आयुष्यभर केजेतियाच्या बाजारात एनॅमलची भांडी विकली होती. अशा किती बायकांची भांडी भरलेली परत आलेली तिनं पाहिली होती, आणि प्रत्येकीला तिनं ऐकवलं होतं, "तुझ्याच हातात काही खोट असेल." आता तिला ते सगळं आठवलं.

भांडं घेऊन ती कोपऱ्यावर बोआफोच्या लॉटरीच्या टपरीवर गेली आणि त्याच्या आकड्यांच्या वहीवर ते आदळलं.

"हे काय, एनो?" बोआफो म्हणाला. गल्लीत सगळे तिला एनोच म्हणत, थोरल्या आईला म्हणतात तसं. "पुरतं भरलेलं?"

"खा. आणि भांडं धुऊन आण. आणि तोंड बंद ठेव."

"दोन्ही एकदम कसं जमेल, एनो? खायला उघडावं तर लागेलच."

ती उत्तर न देता फिरली. एरवी तिनं त्याची सालटी काढली असती. बोआफोला तेवढ्यावरूनच कळलं की काहीतरी झालंय.

सगळं बिघडलं ते त्या पुस्तकापासून.

राजधानीत सरकारनं एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. घर कसं बांधावं, छत किती उंच, जिना किती रुंद, नळ कुठं, मोरी कुठं, सांडपाणी कुठून कुठं जावं, सगळं त्या एकात. कागदोपत्री आधी काय असेल ते असो, प्रत्यक्षात प्रत्येक गावच्या कचेरीचा आपला कायदा असायचा. किनाऱ्यावर एक, खाणींच्या गावात दुसरा, उत्तरेकडं तिसरा, आणि इथं कुमासीत साहेबाच्या मनात येईल तो. आता सगळ्या देशाला एकच. प्रत्येक घर तपासायचं, मग दाखला द्यायचा, आणि दाखला नसेल त्याची नळजोडणी तोडायची.

तपासायला आलेली मुलगी व्होल्टाकडची होती, सेलासी नावाची. पायांत जाड बूट, हातात टॅब, कमरेला मोजपट्टी. नमस्कार नीट केला, डावा हात पुढं केला नाही, एवढं बिरागोनं आधी पाहून घेतलं आणि मग तिला बसायला स्टूल दिलं.

"आंटी, ह्या घरात माणसं किती?"

"खोल्या चौदा."

"माणसं विचारली मी."

"ऐकू आलं मला. माझ्या तिघी बहिणी इथं राहायच्या. त्यांच्या लेकी इथं. सकाळी आंघोळीला रांग लागायची, आणि त्या रांगेवरून रोज एक भांडण. शेवटची भाची होती, ती गेली इटलीला. माझी लेक आक्राला. दर रविवारी फोन येतो."

"आत्ता किती, आंटी?"

बिरागोनं एक बोट वर केलं. मुलीनं टॅबवर तो आकडा टाकला आणि मान खाली घालूनच पुढचं विचारलं, "पलीकडच्या गल्लीत डोम्फे म्हणून गृहस्थ आहेत. त्यांच्या घरात स्वयंपाकघर नाही. विचारलं तर म्हणाले, आहे की, बायकोकडं."

"बरोबर सांगितलं. हे काय."

सेलासीनं चार चुलींकडं पाहिलं, मग मोजपट्टीकडं. "किती लांब आहे त्यांचं घर इथून?"

"दोनशे बारा पावलं. माझी. त्याची कमी भरतील, लांब टांगांचा आहे."

"आंटी, पुस्तकात असं आहे की राहत्या घरातच स्वयंपाकघर हवं. त्यात सिंक हवं, सिंकला नळ, नळाचं पाणी जायला खाली ट्रॅप, वास आणि किडे अडवणारा वाकडा पाइप. नाहीतर ते घर म्हणून धरता येत नाही."

"मग काय म्हणून धरता?"

"गोदाम."

"मग लिही, आत शहात्तर वर्षांचं एक पोतं ठेवलंय."

मुलगी हसली. हसू आवरून म्हणाली, "सोपं सांगू का? दोघं एकाच घरात राहा. मी एकच फॉर्म भरते. दोन माणसं, एक स्वयंपाकघर. आजच पास करते."

"कुणाच्या घरात?"

"कुणाच्याही."

"हे बघ मुली, तुमच्याकडं लग्न झालं की पोरीला आईच्या घरातून उपटतात आणि नवऱ्याच्या अंगणात लावतात. जगली तर जगली. आमच्याकडं तसं नाही. मी ह्या घराची थोरली. त्या कोपऱ्यातल्या खोलीत माझ्या आजीचं आसन आहे, ते थोरलीनंच राखायचं असतं. त्याला कुलूप लावून मी म्हातारपणी नवऱ्याकडं नांदायला जाऊ? आणि तो इथं आला तर लोक म्हणतील, बायकोच्या आईच्या पायरीवर पडलाय."

"पुस्तकात ह्याला रकानाच नाही, आंटी."

"मग ते लिहिणाऱ्याला संध्याकाळी जेवण धाडणारी कुणी नसेल."

सेलासीनं टॅब मिटला. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, तिला हे पटलं असावं. पण पटून काय? पुस्तक तिनं लिहिलं नव्हतं. "डोम्फेबाबांना महिन्याची मुदत देते," ती उठता उठता म्हणाली. "घरात स्वयंपाकघर बांधतो अशी त्यांनी फॉर्मवर सही केली तर परवानगी लगेच मिळेल."

त्या संध्याकाळी भांडं घेऊन बिरागो गेली तेव्हा डोम्फे दारातच चष्मा लावून फॉर्म वाचत बसला होता. पस्तीस वर्षं तो पाणीखात्यात फिटर होता. अर्ध्या कुमासीचे नळ त्याच्या हातचे.

"सगळ्या देशाला एक माप, बिरागो! किती वर्षं ओरडत होतो मी. ओबुआसीला बदली झाली तेव्हा दोन इंची निचरा चालायचा, सुन्यानीला तीन इंची लागायचा. एका गावात ट्रॅप लावला तर शाबासकी, दुसऱ्या गावात म्हणायचे, कशाला खर्च वाढवतोस. लोकांच्या मोऱ्यांतून किडे वर यायचे. हे पुस्तक मी नोकरीत असताना यायला हवं होतं."

"पाइपांचं माप एक कर की. माणसांना कशाला त्याच मापात बसवतोस?"

"मी कुठं बसवतोय?"

"सही करणार आहेस?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "विचार करतो," म्हणाला.

डोम्फे विचार करतो म्हणाला की ती गोष्ट होत नसे. त्यांच्या लेकीच्या लग्नात नवा कोट शिवायचा विचार त्यानं सुरू केला होता, आता ती लेक आजी व्हायला आली. बिरागो निर्धास्त झाली आणि भांडं ठेवून घरी आली.

भांडं ती स्वतः नेत होती, ही एक लाजेची गोष्ट होती आणि तिनं ती झाकून ठेवली होती. घरची मोठी बाई असं भांडं हातात घेऊन रस्त्यानं जात नाही. पूर्वी संध्याकाळ झाली की ह्या गल्लीतून पोरीबाळींची रांग निघायची, प्रत्येकीच्या डोक्यावर एक भांडं, आईकडून बापाकडं. झाकणं खुळखुळायची, कुणाच्या आईनं काय केलंय ते वासावरून ओळखायची पैज लागायची. आता गल्लीत असं भांडं एकच निघत होतं, आणि ते न्यायला घरात कुणी नव्हतं. म्हणून बिरागो चर्चची काळी चकचकीत पर्स काढायची, तिच्यात भांडं उभं बसवायची, डोक्याला चांगला रुमाल बांधायची आणि प्रार्थनेला निघाल्यासारखी निघायची. पर्समधून रश्श्याचा वास सुटायचा तो सुटायचाच.

"चर्चला, एनो?" बोआफो टपरीतून विचारायचा. "आज देवाला काय, अळूच्या पानांचा रस्सा?"

"तुझ्या पापांपेक्षा त्यात तिखट कमीच आहे," ती म्हणायची आणि चालू लागायची. दिवसभरात तिच्याशी कुणी बोललेलं हे बहुधा पहिलं वाक्य असायचं.

भांड्यात काय असायचं तेही बदललं होतं. फुफू, म्हणजे उकडलेल्या कसाव्याचा नि केळ्यांचा चिकट गोळा, कुटायला दोघं लागतात. एकानं मुसळ मारायचं, दुसऱ्यानं दोन घावांच्या मधे उखळात हात घालून गोळा उलटायचा. भाची गेली तेव्हापासून उखळ भिंतीला पालथं घातलेलं होतं. बिरागो आता भाताचे गोळे करायची किंवा केळी उकडायची. डोम्फेनं "फुफू का नाही?" असं एकदाही विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं.

मुदतीचा महिना संपायला आठवडा उरला असताना ती पडली. दोन गल्ल्यांच्या मधे उघडं गटार आहे, त्यावर फळी टाकलेली. फळी हलली, तिचा पाय सटकला, आणि ती गुडघ्यावर आपटली. रस्सा पर्समध्ये सांडला. इकडंतिकडं पाहिलं, टपरीकडं पाठ होती, कुणी पाहिलेलं दिसलं नाही. उठली, घरी आली, उरलेलं अन्न दुसऱ्या वाडग्यात भरलं आणि परत निघाली. डोम्फेला म्हणाली, "आज उशीर झाला. पाहुणे होते." तो बरं म्हणाला. गुडघ्यावर ती आठवडाभर पामतेल चोळत होती.

आणि चौथ्या दिवशी डोम्फेनं सही केली.

तिला ते त्यानं सांगितलं नाही. तिनं पाहिलं. त्याच्या घराच्या बाजूला चर खणलेला, आणि शहात्तर वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसून पारदर्शक नळीत पाणी भरून उतार तपासतोय. मजूर नुसता उभा, कारण तो कुणाला पाइपाला हात लावू देत नव्हता. चेहरा असा की पोराच्या बारशाला बसलाय.

"सही केलीस," ती म्हणाली.

"केली."

"विचार करणार होतास."

"केला," डोम्फे म्हणाला आणि नळीतल्या पाण्याकडं पाहत राहिला.

तिनं भांडं दारात ठेवलं आणि परतली. पुढचे वीस दिवस ती भांडं नेत होती, तो सकाळी आणून देत होता, आगो, आमे, एवढंच बोलणं. भांड्यात कधी संत्रं, कधी कोला. सेलासी येऊन गेली, पहिल्याच तपासणीत पास केलं, असं बोआफोकडून कळलं. म्हणे कचेरीतले दोघं-तिघं मुद्दाम ते काम पाहायला आले, पुस्तकातल्या चित्रासारखं आहे म्हणाले. बिरागोला दोन दिवस जेवण गेलं नाही. नळ आला, सिंक आलं, आता माझं काय काम, हे तो कधी म्हणतो याची ती वाट पाहत होती. आणि आज सकाळी त्यानं ते भांड्यातून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोआफो भांडं धुऊन घेऊन आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून घोटाळत राहिला.

"एनो, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागावणार. बोल."

"हात गेला तुमचा."

"काय?"

"मीठच नव्हतं, एनो. चिमूटभरसुद्धा नाही. आणि दाणे करपलेले, रस्सा कडू लागत होता. भाताचा गोळा हातात घेतला तर सुटा झाला. मी खाल्लं सगळं, तुमच्या हातचं टाकवेना. पण डॉक्टरला दाखवा. माझ्या आत्याची चव गेली होती तेव्हा तिला आधी साखर निघाली होती."

बिरागोनं भांडं त्याच्या हातातून हिसकावलं. "माझ्या हातचं मीठ चुकलं? बाजारात साठ बायकांचा डबा मी चाखून द्यायची! तुझ्या जिभेवर आकड्यांची शाई चढलीय, तिला दाखव डॉक्टरला!"

बोआफो गेला. पण त्याचं बोलणं उंबऱ्यावरच बसून राहिलं. तिनं रात्रीचा भात गरम केला, मीठ घातलं, चाखलं. मीठ कळत होतं. पण एकटीनं चाखलेलं बरोबर की चूक, सांगणार कोण? तिच्या मनात आलं, डोम्फेनंही तेच चाखलं असेल. मीठ नाही, करपलेलं. म्हणून परत धाडलं. म्हणजे खोट खरंच हातातच.

संध्याकाळी तिनं सवयीनं दोघांचं शिजवलं आणि भांड्यात भरलंच नाही. दुसऱ्या संध्याकाळीही. चारला गल्लीत सावली उतरायची, पाचला हात आपोआप पर्सकडं जायचा. मग ती पर्स खुंटीला परत अडकवायची आणि अंगणात बसून राहायची. चौदा खोल्यांच्या दारांवरून कोरड्या वाऱ्यानं आणलेली लाल धूळ पसरत जायची. झाडावं असं वाटायचं नाही, कारण तिच्यावर पावलं उठवणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. सकाळी दाराशी हाक नाही. टपरीवरून जायचं नाही म्हणून बोआफोचा टोमणा नाही. रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा कसे आहेत?" "बरा आहे." "जेवतात ना नीट?" "त्याला विचार," बिरागो म्हणाली, आणि लेक हसली, तिला वाटलं आई नेहमीसारखी बोलतेय.

सोमवारी तिनं ठरवलं. असं लोंबकळत राहणं तिच्या रक्तात नव्हतं. तुटायचं तर नीट तुटू दे, थोरल्यांसमोर. तिनं भांडं घासलं, तळाची निळाई दिसेपर्यंत पुसलं, झाकण लावलं. पर्स खुंटीवरच ठेवली. भर दुपारी, भांडं दोन्ही हातांत धरून, सगळ्यांना दिसेल असं ती निघाली.

बोआफो टपरीतून उठून उभा राहिला. देवाचा विषय त्यानं काढला नाही.

फळी नवी होती. जाड, दोन्ही बाजूंना खिळे मारलेली. तिनं ते पाहिलं, पण तिच्या मनात वाक्य चाललं होतं, 'हे घे तुझं भांडं, आणि तुझ्या घरच्या थोरल्यांना सांग, बोलावणं धाडा,' त्यामुळं ती थांबली नाही.

"आगो!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग "आमे!"

डोम्फे बनियनवर होता. खांद्यावर पुसायचं फडकं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, भांड्याकडं पाहिलं, ते तिच्या हातातून घेतलं आणि झाकण काढलं. रिकामं. स्वच्छ. त्याचा चेहरा असा उजळला की ती वाक्य विसरली.

"संपवलंस?" तो म्हणाला. "सगळं?"

बिरागोचे रिकामे हात तसेच पुढं राहिले होते.

"मला वाटलं तू फेकलंस. चार दिवस तू नाही, भांडं नाही, निरोप नाही. म्हटलं, उघडून पाहिलं असेल आणि बायकांना बोलावून हसली असेल. ये, आत ये. ऊन लागतंय."

ती आत गेली. भिंतीला पांढरा दाखला चिकटवलेला. तिसरीपर्यंतच्या शाळेमुळं तिला अक्षरांपेक्षा आकडे बरे येत होते. दाखल्यावर माणसांच्या रकान्यात एक होता. तिच्या घरच्या दाखल्यावरही एकच होता. ह्या दोन एकांची बेरीज करायला सरकारनं कुणाला पाठवलं नव्हतं.

पलीकडं नवं स्वयंपाकघर. चकचकीत सिंक, त्यात तळाला काळं कडं धरलेलं पातेलं भिजत घातलेलं. फळीवर एक ताट, एक पेला, एक चमचा. आणि मिठाची पिशवी, न फोडलेली, दुकानातून आणली तशी.

बिरागो त्या पिशवीकडं पाहत राहिली.

"तुझं त्या रात्रीच खाल्लं मी, नेहमीसारखं," डोम्फे पाठीमागून बोलत होता. "भांडं धुतलं आणि म्हटलं, किती वर्षं संत्रंच घालायचं त्यात? हे एवढं स्वयंपाकघर झालंय. शेंगदाण्याचाच करायला घेतला, तो मला आठवत होता कसा दिसतो ते. दाणे मीच वाटले. भात वळताना हे बघ." त्यानं बोटं पुढं केली. दोन बोटांवर वाळलेले फोड होते. "सकाळी दाराशी आलो, पण हाक मारायचा धीर झाला नाही. ह्या वयाचा पुरुष बायकोसाठी स्वतः रांधून भांडं घेऊन येतो म्हणजे… ठेवलं आणि पळालो."

तिनं सिंकमधल्या पातेल्याचं काळं कडं नखानं खरवडून पाहिलं.

"आणि आता तू आणायचं नाहीस," तो म्हणाला. "त्या दिवशी गटारावर पडलीस ना, मी इथून पाहिलं."

"मग आला का नाहीस?"

"रस्त्यात तुला हात देऊन उठवलं असतं, पर्समधला रस्सा गळत असताना, तर मला कधी माफ केलं असतंस? म्हणून सही केली, आणि ह्या चार दिवसांत फळीही नवी ठोकली. आता तू तुझ्याकडं, मी माझ्याकडं. पुस्तकात आहे तसं. तुझा गुडघा तरी सुटेल."

त्यानं नळ सोडून दाखवला. पाणी सिंकमध्ये पडलं, फिरलं आणि अजिबात आवाज न करता खाली गेलं. ते त्याला दाखवायचंच होतं. मग नळ बंद करून, फडक्याला हात पुसत, शाळेतल्या पोरानं पाटी पुढं करावी तसा तो उभा राहिला.

"खरं सांग. कसं झालं होतं?"

एवढ्या वर्षांत, आईच्या मागं, तिच्यासाठी म्हणून कुणी रांधलेलं ते पहिलं जेवण. ते लॉटरीवाल्याच्या पोटात गेलं होतं, आणि त्याची चव तिला कधीच कळणार नव्हती. पुन्हा केलं तरी ते ते नसतं. ती हळूच स्टुलावर बसली, भांडं त्याच्या हातातून परत घेतलं, मांडीवर ठेवलं आणि डोक्याचा रुमाल नीट केला.

"मीठ नव्हतं," ती म्हणाली. "दाणे करपले होते, रस्सा कडू झाला होता, गोळा हातात सुटत होता. पाइप तुला येतात, डोम्फे. स्वयंपाक येत नाही, आणि ह्या वयात येणारही नाही. संध्याकाळी भांडं येईल. पर्समधून नाही, हातातून, सगळ्या गल्लीदेखत. आणि सकाळी ते रिकामं आणायचं नाही."